परदेशात स्वस्तात राहताना पैसे आणि सामान कसं सांभाळायचं : मराठवाड्यातून पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

संभाजीनगरची नोकरीतली पोरं-पोरी सुट्टीला सुट्टी जोडून बँकॉक नाहीतर हनोई गाठतात. लातूर-नांदेडची लेकरं शिकायला जर्मनी-इंग्लंडला जातात. परभणी-हिंगोलीकडचे उपासक गाडी करून लुंबिनीचं दर्शन घेऊन येतात. महागडं हॉटेल यातल्या फार थोड्यांना परवडतं. मग राहणं होतं ते एका खोलीत आठ-दहा खाटा असलेल्या हॉस्टेलमध्ये, गल्लीतल्या गेस्ट हाऊसमध्ये किंवा कुणीतरी भाड्यानं दिलेल्या खोलीत. मीही थायलंड, व्हिएतनाम, नेपाळ आणि युरोपात असंच राहिलो आहे. निघायच्या आधी ओळखीतले लोक फोन करून विचारतात: पासपोर्ट कुठं ठेवायचा, रोकड किती न्यायची, कुणी गंडवलं तर काय करायचं? त्या सगळ्यांना जे सांगतो ते इथं नीट क्रमानं लिहितो.

एक गोष्ट आधीच सांगतो. स्वस्त जागी राहणाऱ्याला लुटतात ते चाकू दाखवून नव्हे. पैसा जातो तो थकून आलेल्या माणसाकडून काउंटरवर, घाईत, आणि मुख्य म्हणजे भिडेपोटी. समोरचा गोड बोलतो, रांगेतले लोक बघत असतात, आपली इंग्रजी अडखळते, आणि आपण "जाऊ द्या" म्हणून पैसे देऊन टाकतो. भीड भिकेची बहीण, हे आपल्याकडं उगाच म्हणत नाहीत. खालच्या बऱ्याच सूचना म्हणजे भीड न ठेवता थांबायचं कसं, याच्याच सूचना आहेत.

१. निघण्याआधी पैशाचे तीन वाटे करा

हिशोब असा ठेवा: कोणतीही एक वस्तू चोरीला गेली, तरी त्या रात्रीची झोप, दुसऱ्या दिवसाचं जेवण आणि घरी परतायचा मार्ग शिल्लक राहिला पाहिजे. त्यासाठी पैसे आणि कागद एका जागी ठेवायचे नाहीत.

पहिला वाटा त्या दिवसाच्या खर्चाचा. लहान पाकिटात, पुढच्या खिशात. हे पाकीट गेलं तर जाऊ द्यायचं, म्हणून त्यात कार्ड ठेवू नका. दुसरा वाटा कपड्यांच्या आत, कमरेच्या चपट्या पट्ट्यात: पासपोर्ट, मुख्य कार्ड, मोठ्या नोटा. हा पट्टा दुकानात किंवा रस्त्यावर उघडायचा नाही. पैसे कमी पडले तर शौचालयात जाऊन काढा. तिसरा वाटा मुक्कामाच्या लॉकरमध्ये: दुसरं कार्ड, शंभर-दोनशे डॉलर आणि पासपोर्टची झेरॉक्स.

आपल्याकडं कुटुंब निघालं की सगळ्यांचे पासपोर्ट आणि सगळे पैसे घरातल्या एकाच मोठ्या माणसाच्या बॅगेत असतात. ही सवय मोडा. नवरा-बायको जात असाल तर दोघांकडं वेगवेगळं कार्ड आणि थोडीथोडी रोकड हवी.

ज्या खात्यात पगार किंवा घरची बचत आहे, त्याचं डेबिट कार्ड नेऊ नका. वेगळ्या खात्यात लागतील तेवढेच पैसे टाका, किंवा बँकेकडून फोरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून ठेवायचं कार्ड) घ्या. बऱ्याच बँका फोरेक्स कार्डासोबत जोडीचं दुसरं कार्ड देतात. ते मागून घ्या आणि पहिल्यापासून लांब ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० पासूनच्या नियमामुळं नवीन कार्डावर परदेशी व्यवहार आपोआप चालू नसतात, ते बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करावे लागतात. तिथंच दिवसाची मर्यादा ठरवता येते. मर्यादा कमी ठेवा, लागेल तेव्हा वाढवा. परदेशातल्या अनेक संकेतस्थळांवर ओटीपी लागतच नाही. कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे मिळाले की पैसे कापता येतात, म्हणून ही मर्यादा फार कामाची.

रोकड घ्यायची ती परवाना असलेल्या विनिमय केंद्रातून किंवा बँकेतून, पावतीसकट. बहुतेक देशांसाठी एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंतच्या परकीय नोटा नेता येतात. नांदेड-लातूरकडचे बरेच जण हैदराबादहून विमान धरतात आणि डॉलर घेणं विमानतळावर ढकलतात. तिथला दर सहसा वाईट असतो. आठवडाभर आधी शहरात दोन-तीन ठिकाणी दर विचारा. "ओळखीच्या एकाकडं डॉलर पडून आहेत" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. नोट खोटी निघाली तर परदेशातल्या काउंटरवर उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. नोटा कोऱ्या, न फाटलेल्या मागा. मळक्या किंवा शाई लागलेल्या डॉलरना आग्नेय आशियात बऱ्याच ठिकाणी नकार मिळतो.

२. सोबत काय लागतं

- स्वतःचं मजबूत कुलूप, शक्यतो आकड्यांचं. लॉकर असतो, पण कुलूप बऱ्याच हॉस्टेलांत विकत किंवा भाड्यानं घ्यावं लागतं. फार जाड दांड्याचं कुलूप लॉकरच्या कडीत जात नाही, म्हणून मध्यम दांड्याचं घ्या.
- बॅगेच्या चेनसाठी लहान कुलूप आणि एक पातळ लोखंडी साखळी किंवा तार.
- अंघोळीला जाताना गळ्यात अडकवता येईल असा पाणी न शिरणारा पाऊच.
- पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाच्या, व्हिसाच्या आणि विम्याच्या प्रत्येकी तीन-चार झेरॉक्स. पासपोर्ट आकाराचे सहा फोटो.
- बँकेचा परदेशातून लागणारा क्रमांक, देशाच्या संकेतांकासकट. १८०० नं सुरू होणारे क्रमांक परदेशातून बहुधा लागत नाहीत.
- त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा पत्ता आणि आणीबाणीचा क्रमांक.
- घरच्या दोन माणसांचे क्रमांक, पाठ केलेले आणि कागदावरही.

हे सगळं फोनमध्ये असून उपयोग नाही, कारण पहिला जातो तो फोनच. कागदावर लिहा.

३. बुकिंग करताना

बुकिंग झाल्यावर काही दिवसांनी संदेश येतो: "तुमचं कार्ड पडताळता आलं नाही, बारा तासांत या लिंकवर माहिती भरा, नाहीतर खोली रद्द." संदेशात तुमचं नाव, तारखा, हॉटेलचं नाव सगळं बरोबर असतं. कधी कधी तो बुकिंगच्याच ॲपमधल्या संवादात येतो. हॉटेलचं खातं चोरट्यांच्या हाती लागलं की असं होतं, आणि २०२३ पासून जगभर प्रवाशांना याच वाटेनं लुबाडलं गेलं आहे. लिंक दाबू नका. ॲप बंद करून पुन्हा उघडा आणि तुमच्या बुकिंगच्या पानावर पैसे बाकी दिसतात का बघा. तरीही शंका असेल तर हॉटेलचा क्रमांक नकाशावरून शोधून फोन लावा. संदेशातला क्रमांक वापरायचा नाही.

"ॲप सोडून थेट व्हॉट्सॲपवर या, दहा टक्के कमी करतो" असं कुणी म्हणालं तर तिथंच थांबा. बाहेरून दिलेले पैसे परत मिळवून देण्याची जबाबदारी बुकिंग कंपनी घेत नाही.

परीक्षणं वाचताना ताऱ्यांची सरासरी बघून पुढं जाऊ नका. सगळ्यात कमी तारे देणाऱ्यांचं आधी वाचा आणि त्यात लॉकर, चोरी, अनामत हे शब्द शोधा. एकानं चोरी झाली म्हटलं तर ती कुठंही होऊ शकते. पण "चोरी झाली आणि मालकानं कॅमेरा दाखवायला नकार दिला" असं दोघा-तिघांनी लिहिलं असेल तर ती जागा सोडा.

सरकारी अर्जांच्या नावानंही याच टप्प्यावर फसवणूक होते. थायलंडला १ मे २०२५ पासून पोचण्याच्या तीन दिवस आधीपासून भरायचं डिजिटल आगमन कार्ड सक्तीचं आहे, आणि ते फुकट आहे. सिंगापूर आणि मलेशियाचं आगमन कार्डही फुकट आहे. गुगलवर शोधलं की वर जाहिरातीत खोटी संकेतस्थळं येतात आणि याच अर्जाचे हजारो रुपये घेतात. व्हिएतनामच्या ई-व्हिसाचं सरकारी शुल्क एका प्रवेशासाठी २५ डॉलर आणि अनेक प्रवेशांसाठी ५० डॉलर आहे. कुणी यापेक्षा जास्त सांगितलं तर जादाचे पैसे मध्यस्थाच्या खिशात जातात.

४. स्टेशनपासून मुक्कामापर्यंत

टॅक्सीवाला किंवा रिक्षावाला पत्ता बघून म्हणतो, "हे हॉस्टेल बंद पडलंय", "तिथं पाणी शिरलंय", "मी चांगलं दाखवतो". तो नेईल तिथं त्याचं कमिशन ठरलेलं असतं. उतरण्याआधीच मुक्कामाच्या ठिकाणी संदेश टाकून "मी अमुक वाजता येतोय" असं कळवा. उत्तर आलेलं असलं की ही युक्ती चालत नाही. बँकॉकमध्ये हीच गोष्ट राजवाड्याबाबत सांगतात: "आज ग्रँड पॅलेस बंद आहे, चला दुसरीकडं." तो दुसरीकडं नेतो ते रत्नांच्या दुकानात. राजवाडा एरवी रोज सकाळी साडेआठला उघडतो, म्हणून फाटकापर्यंत स्वतः चालत जाऊन बघा.

लुंबिनीला जाणाऱ्यांसाठी खास सांगतो. भारत-नेपाळ सीमेवरच्या सोनौलीच्या नाक्यापलीकडं दर विचारताना "आयसी की एनसी?" असं पहिल्यांदा विचारा. आयसी म्हणजे आपले रुपये, एनसी म्हणजे नेपाळी. शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये, हा दर ठरलेला आहे. गाडीवाला "पाचशे" म्हणतो, उतरल्यावर ते आयसी होतात, आणि तुमचे सरळ तीनशे नेपाळी रुपये जास्त जातात. सोबत वयस्कर मंडळी असतील तर हा दर त्यांना कागदावर लिहून द्या.

५. काउंटरवर

इथं घाई करू नका. पाठीवरची बॅग उतरवा, पाणी प्या, मग बोला.

तीन गोष्टी विचारायच्या. एकूण किती द्यायचे? त्यात काय काय आलं? पावती मिळेल ना?

कधी कधी बुकिंगचे पैसे भरलेले असूनही काउंटरवर आणखी मागतात, आणि ते खरंच द्यायचे असतात. मलेशियात परदेशी पाहुण्याला खोलीमागं दर रात्री १० रिंगिट पर्यटन कर आहे. रोममध्ये माणशी, दर रात्री शहराचा कर घेतात. ॲमस्टरडॅममध्ये २०२४ पासून तो खोलीच्या भाड्याच्या साडेबारा टक्के आहे. हा कर बुकिंगच्या बारीक अक्षरात लिहिलेला असतो. तिथं असेल तर द्या आणि पावती घ्या. तिथं नसलेलं "सर्व्हिस", "चादर", "एसी" असलं काही मागितलं तर फोनवरचं बुकिंग पुढं धरून "यात दाखवा" म्हणा. तेवढं पुरतं. भांडायची गरज नाही.

किल्लीची अनामत रोख घेतात. पावतीवर रक्कम, तारीख आणि घेणाऱ्याची सही हवी. सकाळी लवकर निघायचं असेल तर आदल्या रात्रीच विचारून ठेवा की पहाटे अनामत कोण परत देणार. पहाटे काउंटरवर कुणी नसतं, विमानाची वेळ झालेली असते, आणि अनामत तशीच राहून जाते.

पासपोर्ट दाखवावा लागतो. बऱ्याच देशांत हॉटेलला परदेशी पाहुण्याची नोंद सरकारला कळवावीच लागते, म्हणून त्यांनी प्रत काढली किंवा फोटो घेतला तर घाबरू नका. व्हिएतनाममध्ये काही ठिकाणी नोंदणीसाठी पासपोर्ट थोडा वेळ ठेवून घेतात. किती वाजता परत मिळेल ते विचारा आणि त्या वेळेला जाऊन घ्या. पण मुक्काम संपेपर्यंत तारण म्हणून पासपोर्ट ठेवायला सांगितलं तर नाही म्हणा. त्याऐवजी झेरॉक्स आणि रोख अनामत द्या. भाड्याच्या स्कूटरला हे जास्तच लागू आहे. परत करताना जुना ओरखडा दाखवून पैसे मागतात, आणि पासपोर्ट त्यांच्या ताब्यात असल्यावर तुम्हाला बोलायला जागा उरत नाही. स्कूटर घेतानाच चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, मालकाला त्यात उभं करून.

रात्री खोलीतला फोन वाजला आणि "रिसेप्शनवरून बोलतोय, कार्डाचा क्रमांक पुन्हा सांगा" असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा आणि खाली चालत जा. दाराखालून आलेल्या पिझ्झाच्या जाहिरातीवर फोन करून कार्डाचा क्रमांक सांगणं हाही त्यातलाच प्रकार.

६. डॉर्ममध्ये (अनेकांच्या सामायिक खोलीत) सामान

हॉस्टेलमध्ये पुष्कळदा चोरी करतो तो बाहेरचा चोर नव्हे, शेजारच्या खाटेवरचा. तो पैसे भरून आलेला असतो, हसून बोलतो, पहाटे चारला निघून जातो. म्हणून संशय कुणावर घ्यायचा, याचा विचार सोडून द्या. वस्तू उघडी राहणार नाही, एवढंच बघा.

खोलीत गेल्या गेल्या लॉकर तपासा. दार बंद करून वरचा कोपरा बोटांनी ओढून बघा. पातळ पत्र्याच्या लॉकरची फट उघडते. बिजागरीचे स्क्रू बाहेरच्या बाजूला असतील तर कुलूप कितीही चांगलं असो, त्याचा काही उपयोग नाही. अशा वेळी दुसरी खाट मागा. मिळाली नाही तर पासपोर्ट-पैसे अंगावरच ठेवा, रात्रीसुद्धा. काउंटरवरची तिजोरी वापरायची असेल तर लिफाफा चिकटपट्टीनं बंद करून त्यावर सही करा, आत काय आहे ते लिहा आणि पोच घ्या.

पैसे जातात ते ठरावीक वेळीच. अंघोळीची पाच मिनिटं: पाकीट खाटेवर, फोन चार्जिंगला. पाऊच गळ्यात घाला आणि आत घेऊन जा. झोप लागल्यानंतर: फोन भिंतीतल्या प्लगला लटकलेला. त्यापेक्षा संध्याकाळी पॉवर बँक भरून घ्या आणि रात्री फोन उशीच्या खोळीत ठेवून तिच्यावर चार्ज करा. निघायच्या दिवशी: दुपारपर्यंत बॅग काउंटरजवळच्या सामानखोलीत ठेवतात, आणि तिथं कुणीही येऊन "ही माझी" म्हणू शकतं. बॅग ठेवा, पण लॅपटॉप, कागद, औषधं सोबत घ्या आणि बॅग साखळीनं एखाद्या खांबाला बांधा. रात्रीच्या स्वस्त बसचंही तेच. खालच्या डिकीतल्या बॅगा प्रवासात उचकल्याच्या तक्रारी थायलंडच्या पर्यटक-बसबद्दल वर्षानुवर्षं होत आल्या आहेत. खाली फक्त कपडे द्या.

आता जिव्हाळ्याच्या वाटेनं होणारी फसवणूक. परक्या शहरात कुणी मराठीत "कुठले तुम्ही?" विचारलं की आपण विरघळतो. लातूरच्या माझ्या एका मित्राला असाच एक जण भेटला. "कार्ड अडकलंय, तू थाई बाट दे, मी लगेच यूपीआय करतो" म्हणाला आणि पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट दाखवला. खात्यात काही आलं नाही. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. खात्यात जमा दिसल्याशिवाय नोट हातातून सोडू नका. आणि खरं सांगायचं तर अनोळखी माणसाशी चलनाची अदलाबदल करूच नका, कारण त्याच्याकडचे पैसे कुठून आलेत ते तुम्हाला माहीत नसतं. खरंच अडचणीत असलेल्या माणसाला जेवू घाला, दूतावासाचा पत्ता द्या. ती मदत खरी असते.

क्वालालंपूर, हो ची मिन्ह सिटी या भागात दुसरा प्रकार चालतो. कुणीतरी प्रेमानं म्हणतं, "माझी बहीण भारतात शिकायला निघालीय, घरी येऊन आईला धीर दे." घरी पत्ते निघतात, आधी जिंकवतात, नंतर मोठी रक्कम हरायला लावतात आणि एटीएमपर्यंत सोडायला येतात. घरी बोलावणं नाकारताना वाईट वाटेल. वाटू द्या.

७. एटीएम आणि नोटा बदलणं

एटीएम किंवा दुकानातलं यंत्र विचारतं, "रुपयांत घ्यायचं की इथल्या चलनात?" रुपये ओळखीचे, म्हणून आपण रुपये दाबतो आणि तिथंच वाईट दर पदरी पडतो. दर वेळी स्थानिक चलन निवडा. यंत्र "रूपांतरासह" किंवा "रूपांतराशिवाय" असं विचारेल तर रूपांतराशिवाय. थायलंडमधल्या बहुतेक एटीएमवर परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाटच्या आसपास शुल्क लागतं. म्हणून रोज थोडे काढण्यापेक्षा एकदाच काढा आणि वाटे करून ठेवा. एटीएम बँकेच्या शाखेतलं, दिवसा उघडी असताना वापरा, म्हणजे कार्ड अडकलं तर आत जाता येतं.

नोटा बदलताना मोजणारे तुम्हीच शेवटचे असले पाहिजेत. बालीतल्या गल्लीबोळांतल्या दुकानांत तुमच्यासमोर बरोबर मोजतात, मग "एकदा बघतो" म्हणून गठ्ठा परत घेतात आणि हातचलाखीनं काही नोटा टेबलामागं पाडतात. गठ्ठा तुमच्या हातात आला की परत द्यायचा नाही. त्यानं मागितलाच तर सौदा मोडा, तुमचे डॉलर घ्या आणि निघा. व्हिएतनाममध्ये २०,००० आणि ५,००,००० डोंगच्या दोन्ही नोटा निळसर आहेत. अंधारात, टॅक्सीत त्यांची गल्लत होते, किंवा केली जाते. पाच लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि देताना रक्कम मोठ्यानं म्हणा.

रस्त्यात साध्या वेशातला कुणी "पोलीस" म्हणून पाकीट तपासायला मागितलं तर पाकीट देऊ नका. "ठाण्यात चला" किंवा "माझ्या हॉटेलवर चला" म्हणा.

८. फोन आणि घरचा परवलीचा शब्द

आपलं सिम रोमिंगवर चालू ठेवा, बँकेचे ओटीपी त्यावर येतात. पण सिमला पिन लावा. नाहीतर चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि तुमचे ओटीपी त्याला मिळतात. सुरुवातीचा पिन कंपनीकडून विचारून घ्या, अंदाजानं टाकू नका. तीनदा चुकला की सिम अडकतं. गुगल खात्याचे दहा बॅकअप कोड छापून घ्या. फोन गेल्यावर दुसऱ्या फोनवरून खात्यात शिरायला तेच लागतात. *#०६# दाबून दिसणारा आयएमईआय क्रमांकही (फोनची स्वतःची ओळख) लिहून ठेवा.

हो ची मिन्ह सिटीत मोटारसायकलवरून फोन हिसकावतात. नकाशा बघायचा असेल तर भिंतीकडं सरका.

घरच्यांसोबत एक परवलीचा शब्द ठरवा, घरच्या जुन्या बैलाचं नाव असलं तरी चालेल. "तुमचा मुलगा परदेशात पोलिसांनी पकडलाय, लगेच पैसे पाठवा" असे फोन गावाकडच्या आई-बापांना येतात, आणि लेकरू खरंच परदेशात असलं की ते हादरतात. शब्द सांगता आला नाही तर फोन ठेवायचा, एवढं त्यांना समजावून जा.

९. महिनोन्महिने राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

खोली न बघता पैसे पाठवू नका. "मी देशाबाहेर आहे, अनामत पाठवा, किल्ली कुरिअरनं येईल" ही जाहिरात ठाम खोटी समजा. आधी दोन आठवडे हॉस्टेल किंवा विद्यापीठाची तात्पुरती खोली घ्या, मग हिंडून शोधा. नियम पाठ असले की फसवणं अवघड जातं. इंग्लंडमध्ये वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांखाली असेल तर अनामत पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ती ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा करावी लागते. जर्मनीत अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं, आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला आहे.

१०. चोरी झालीच तर

रडू येतं, लाज वाटते. ते बाजूला ठेवून हा क्रम धरा.

आधी कार्ड बंद करा, कुणाच्याही फोनवरून. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार तुमचा किंवा बँकेचा दोष नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर नुकसान तुमच्या माथी येत नाही. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंतच येतं. पिन किंवा ओटीपी स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, म्हणून तेव्हाही एक मिनिट घालवू नका. सोबत घरच्यांना सांगून सिम बंद करवा. ऑनलाइन फसवणूक असेल तर त्यांनी गावाकडून १९३० या सरकारी सायबर मदत क्रमांकावर फोन करावा.

मग पोलीस. थायलंडमध्ये पर्यटक पोलीस ११५५, नेपाळमध्ये ११४४, युरोपीय संघात आणीबाणीला ११२, व्हिएतनाममध्ये ११३. हॉस्टेलवाला "पोलीस कशाला" म्हणेल, तरी जा, आणि कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवायला त्याला लेखी सांगा. तक्रारीची शिक्का असलेली प्रत घ्या, स्थानिक भाषेत असली तरी. विमा कंपन्या बहुधा चोवीस तासांतली पोलीस तक्रार मागतात. रोख रकमेची भरपाई मात्र बहुतेक पॉलिसींत मिळत नाही.

पासपोर्ट गेला असेल तर ती प्रत, झेरॉक्स आणि फोटो घेऊन भारतीय दूतावासात जा. लगेच परतायचं असेल तर आणीबाणी प्रमाणपत्र मिळतं. त्यावर फक्त भारतात येता येतं, पुढच्या देशात नाही. निघण्याआधी त्या देशाच्या इमिग्रेशनकडं जाऊन नोंद किंवा परवानगी घ्यावी लागते का, तेही दूतावासातच विचारा. हरवल्याची नोंद झालेला पासपोर्ट नंतर सापडला तरी वापरू नका, तो रद्द झालेला असतो.

घरी आल्यावर बोर्डिंग पास, पावत्या आणि तक्रारीची मूळ प्रत विम्याचा दावा मिटेपर्यंत जपा. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार पुन्हा बंद करा. त्यानंतर दोन-तीन महिने खात्याचा उतारा दर आठवड्याला बघत राहा, कारण चोरलेला कार्ड क्रमांक पुष्कळदा उशिरा वापरतात आणि आधी अगदी लहान रक्कम कापून बघतात. अनोळखी नावानं वीस-तीस रुपये कापलेले दिसले तरी त्याच दिवशी बँकेला कळवा आणि कार्ड बदलून घ्या.